गाईसारखा, पण गाय नव्हे

भारतीय प्रमाणशास्त्राने गवय नावाच्या एका प्राण्याला कायमचे अमर करून ठेवले आहे. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांपैकी उपमान समजावून सांगायची वेळ आली, की वात्स्यायनाच्या भाष्यापासून आजच्या क्रमिक पुस्तकांपर्यंत तेच उदाहरण येते. नगरात राहणाऱ्या एका माणसाने गवय कधी पाहिलेला नाही. रानात वावरणारा कोणी त्याला सांगतो, की गवय गाईसारखा असतो. पुढे हा नागरिक रानात जातो. गाईसारखा दिसणारा, पण गाय नसलेला एक प्राणी त्याला समोर दिसतो, ऐकलेले वाक्य आठवते आणि 'हाच तो गवय' असे ज्ञान त्याला होते. नाव आणि ते नाव धारण करणारी वस्तू यांचा संबंध कळणे, हे उपमानाचे फळ.

काव्यशास्त्राच्या तासाला उपमा अलंकाराकडे वळण्यापूर्वी मी हा गवय गेली अनेक वर्षे वर्गात आणत आलो आहे. मात्र कोल्हापुरात हे उदाहरण देताना एक गोष्ट घडते, जी मोठ्या शहरांतल्या अध्यापकांच्या अनुभवाला सहसा येत नसावी. इथे वर्गातल्या काही मुलांनी गवय पाहिलेला असतो. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी या तालुक्यांतून आलेली ही मुले. त्यांतला राधानगरीकडचा एक विद्यार्थी एकदा तास संपल्यावर टेबलापाशी आला आणि म्हणाला, "सर, पुस्तकातला गवय एकटाच हाय. आमच्या शिवारात बारा-पंधरा येत्यात. आन् आल्यावर 'हाच तो गवय' असं कोण म्हणत न्हाई, डबं वाजवत्यात."

त्याच्या बोलण्यात विनोद होता. पण त्या विनोदाखाली रात्रभर राखण केलेल्या घराचा शीण होता. शास्त्रातल्या उदाहरणात नागरिक रानात जातो. आमच्याकडे गवय शिवारात येतो, क्वचित नगरातही येतो. दिशा बदलली की उदाहरणाचे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला.

प्रथम नावाविषयी. संस्कृत ग्रंथांतला गवय म्हणजे नेमका कोणता प्राणी यावर एकमत नाही. कोणी गवा म्हणतात, कोणी गयाळ, कोणी नीलगाय. मराठीतला 'गवा' हा शब्द मात्र त्याच घराण्यातला. या प्राण्याला आपण दिलेल्या नावांकडे पाहिले तर ती सगळी उसनी आहेत असे दिसते. 'गवा' म्हणताना गाय आठवते. 'गवारेडा' म्हणताना तिच्यात म्हैसही मिसळते. इंग्रज शिकाऱ्यांना अमेरिकेतला बायसन ऐकून ठाऊक होता, म्हणून त्यांनी याला 'इंडियन बायसन' म्हटले. दाजीपूरला जाणाऱ्या पर्यटकांच्या तोंडी आजही बायसनच असतो. ज्याला स्वतःचे नावच नाही, केवळ उपमाच आहेत, असा हा प्राणी. गंमत अशी, की या तीन उपमांपैकी सर्वांत जुनी उपमा शास्त्राच्या कसोटीला उतरली. गवा म्हैस नव्हे, अमेरिकेतला बायसनही नव्हे. प्राणिशास्त्राने त्याला 'बॉस गॉरस' असे नाव दिले आहे आणि यातली 'बॉस' ही प्रजाती पाळीव गाईचीच आहे. रानात वावरणाऱ्या त्या अनाम माणसाने नागरिकाला सांगितलेली गोष्ट खरी होती.

अर्थात, साम्य तिथवरच. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या आसपास जाऊ शकते. पाठीवर खांद्यापासून निघालेला उंच कणा, काळपट तुकतुकीत अंग आणि गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. कळप बहुधा माद्यांचा आणि पिलांचा असतो. मोठे नर पुष्कळदा एकटे फिरतात. गवत, बांबू, झाडपाला, फळे आणि प्रसंगी झाडाची साल हे त्याचे खाणे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो 'असुरक्षित' या वर्गात आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या पंगतीत बसलेला हा शाकाहारी आहे.

मी राहतो त्या राजारामपुरीतून निघाले, तर दाजीपूरचे रान ऐंशीएक किलोमीटरवर आहे. संस्थानी काळात ते करवीरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते. शिकारीसाठी का होईना, पण ते राखले गेले आणि म्हणूनच टिकले, ही इतिहासातील विसंगती मान्य केली पाहिजे. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९५८ मध्ये दाजीपूरला अभयारण्य घोषित करण्यात आले. महाराष्ट्रातले हे पहिले अभयारण्य. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून स्वीकारली, त्यांत राधानगरीचाही समावेश झाला.

'अभयारण्य' हा शब्द ज्याने कोणी प्रथम योजला, त्याच्या भाषाज्ञानाला दाद द्यावी लागते. पण अभय हा दानाच्या भाषेतला शब्द आहे. अभयदान, अभयवचन, अभयमुद्रा या सगळ्यांत देणारा समर्थ असतो आणि घेणारा शरणागत. राजाने शिकार थांबवली आणि रानाला अभय दिले, इथपर्यंत अर्थ सरळ आहे. परंतु राजा गेल्यावर हे अभय कोण देतो? कागदावर शासन देते. प्रत्यक्षात ते द्यायला लावले जाते ज्याचे शेत रानाला लागून आहे त्याला, म्हणजे माझ्या त्या विद्यार्थ्याच्या घराला. आणि अभय एकाला देताना भय दुसऱ्याच्या वाट्याला आले, तर त्या शब्दाची बेरीज कशी करायची?

हे भय काल्पनिक नाही. लागोपाठच्या दोन वर्षांतले दोन डिसेंबर मला एकत्र आठवतात. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा आला. त्याच्यामागे माणसांची गर्दी लागली, तो तासन्‌तास धावत राहिला, जखमी झाला, भुलीची इंजेक्शने देऊन त्याला पकडण्यात आले आणि त्यानंतर तो मेला. त्याच महिन्यात बावधनच्या बाजूला दुसरा गवा आला. त्या वेळी गर्दीला आवर घालण्यात आला आणि तो रानाकडे परतू शकला. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, कोल्हापूरच्या परिसरात पंचगंगेच्या काठाने गवे दिसू लागले आणि करवीर तालुक्यातल्या भुयेवाडीच्या भागात गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा मृत्यू झाला. एका डिसेंबरात माणसांच्या गर्दीने गवा गेला, दुसऱ्या डिसेंबरात गव्याने माणूस गेला. या दोन मृत्यूंची तुलना करणे मला अप्रशस्त वाटते. पण दोन्ही वेळी आपण जी भाषा वापरली तिची तुलना करता येईल. गवा 'घुसला', त्याने 'धुमाकूळ' घातला, त्याची 'दहशत' पसरली. हे शब्द दरोडेखोराचे आहेत. आणि कोथरूडचा गवा मेल्यावर तोच 'बिचारा मुका जीव' झाला. आधी गुंड, मग गरीब गाय. मधे गवा म्हणून त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड झाली नाही.

ही सवड काढणे हे संशोधकांचे काम आहे आणि ते किती संथ, किती अनाकर्षक असते याची कल्पना मला घरबसल्या आली. शिवाजी विद्यापीठ जवळ असल्यामुळे राजारामपुरीच्या गल्ल्यांतून विद्यार्थ्यांना खोल्या देण्याची जुनी चाल आहे. आमच्या वरच्या मजल्यावर काही काळ एक संशोधक मुलगी राहत होती. वनखात्याची रीतसर परवानगी काढून ती रानातून गव्यांच्या शेणाचे नमुने गोळा करून आणी आणि ते गच्चीवर कागदावर पसरून वाळवी. प्रत्येक पुडीवर तारीख आणि ठिकाण लिहिलेले असे. माझी आई गुराढोरांच्या घरात वाढलेली. गच्चीवर पापड घालायला गेली असता तिने हा संसार पाहिला आणि म्हणाली, "पोरी, गोवऱ्या थापायच्या हुत्या तर मला सांगायचं न्हाई का?"

"आजी, हे गाईचं नाही. गव्याचं आहे."

आईने एक तुकडा उचलला, मोडून उन्हात धरला आणि म्हणाली, "गाईगतच हाय की. पन ह्यात काड्या लई. ह्यानं पाल्याबरुबर लाकूडबी खाल्लंय."

ती मुलगी हसली नाही. तिने आजीला खाली बसवून घेतले आणि आपले काम समजावून सांगितले. वनस्पतीच्या पानाची बाहेरची त्वचा पचनातून बऱ्याच अंशी शाबूत सुटते. तिच्यातल्या पेशींची आणि पर्णरंध्रांची ठेवण प्रत्येक वनस्पतीत निराळी असते. रानातल्या ओळखीच्या वनस्पतींच्या काचपट्ट्या आधी तयार करून ठेवायच्या आणि मग शेणातले सूक्ष्म तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्याशी ताडून पाहायचे. त्यावरून गव्याने त्या ऋतूत काय खाल्ले ते कळते. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. हे तर उपमान आहे, असे माझ्या मनात आले. आधी माहितीचे रूप, मग अनोळखी रूप, मग दोहोंतले साम्य आणि शेवटी नाव.

तिचा प्रश्न साधा होता. कोणत्या महिन्यांत शेणात ऊस सापडतो आणि किती सापडतो? या प्रश्नावर पुष्कळ काही अवलंबून आहे. गवे रानाबाहेर येतात ते रानात चारा उरला नाही म्हणून, की शिवारातला ऊस फार सोपा आणि गोड आहे म्हणून? पहिले उत्तर खरे असेल, तर उपाय रानात करावा लागेल: रानमोडीसारखे माजलेले तण काढणे, गवताळ कुरणे मोकळी ठेवणे, उन्हाळ्यात पाणी राखणे. दुसरे उत्तर खरे असेल, तर उपाय शिवारात शोधावा लागेल: कुंपण, पिकांची निवड, वेळेवर आणि पुरेशी भरपाई. ऊस नुसता चारा नाही, तो आडोसाही आहे. घाटाच्या पायथ्यापासून नदीकाठाने सलग ऊस उभा असेल तर त्यातून चालत आलेल्या जनावराला आपण रानाबाहेर पडलो हे समजण्याचे कारण नाही. आणि तोडणी सुरू झाली की तोच आडोसा काही दिवसांत नाहीसा होतो. दोन्ही डिसेंबरांचा या गोष्टीशी काही संबंध असावा का? पुण्याला तर उसाचे कारण लावताच येत नाही, आणि कोल्हापूरच्या बाबतीत मी करतो ते अनुमान आहे. अनुमान आणि ज्ञान यांच्यामधले अंतर गच्चीवरच्या पुड्यांनी भरून काढायचे असते.

प्रत्यक्ष पाहणे हे सर्वांत खात्रीचे प्रमाण, असे आपण समजतो. त्याचीही मर्यादा त्या मुलीमुळे लक्षात आली. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर स्वयंसेवकांना बसवते आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद घेते. मीही एकदा असा बसलो आहे. चांदण्यात कळप पाण्यावर उतरताना आधी पाय दिसतात, ते पांढरे असल्यामुळे. काही क्षण नुसतेच पाय हलताना दिसतात आणि मग त्यांच्यावर अंधाराचा एक ढीग उभा राहतो. तो अनुभव मोठा आहे. पण त्यातून मिळालेला आकडा म्हणजे रानातल्या गव्यांची संख्या नव्हे, असे तिने मला समजावले. तोच कळप दोनदा येऊ शकतो. ओढ्याला पाणी असेल तर येतही नाही. म्हणून संशोधक ठरलेल्या रेषांवरून पुनःपुन्हा चालतात, दिसलेल्या जनावराचे रेषेपासूनचे अंतर मोजतात आणि न दिसलेल्या जनावरांचा अंदाज गणिताने बांधतात. वाघ पट्ट्यांवरून एकेकटा ओळखता येतो, गव्याला पट्टे नाहीत. वाघाची बातमी होते, गव्याची गणती मागे राहते, याचे हेही एक कारण असावे. वस्तुतः गव्यासारखे मोठे तृणभक्षी रानात नसतील, तर २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या वाघाने खायचे काय?

गाईशी असलेले साम्य गव्याला एका बाबतीत महागात पडले आहे. गाईचे रोग त्याला होतात. बुळकांडी हा जनावरांचा रोग पाळीव गुरांतून रानात पसरे आणि कळपच्या कळप नाहीसे करी. १९६८ मध्ये दक्षिणेत मुदुमलाई आणि बंदीपूरच्या रानांत गव्यांचा असाच संहार झाला. लसीकरणाच्या दीर्घ मोहिमेनंतर २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. आता पृथ्वीवर तो रोग नाही. ज्या पशुवैद्यांनी गावोगावी गुरांना लस टोचली, त्यांनी नकळत गवेही वाचवले. लाळ्या खुरकुताचे भय मात्र शिल्लक आहे. रानाच्या कडेच्या गोठ्यातली गाय निरोगी ठेवणे हे गव्याचे संवर्धन आहे, ही गोष्ट मला कोणत्याही घोषणेपेक्षा अधिक पटणारी वाटते. आणि एखाद्या रानातून गवा गेलाच तर तो आपोआप परत येत नाही. मध्य प्रदेशातल्या बांधवगडमधून तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस नाहीसा झाला होता. २०११ आणि २०१२ मध्ये कान्हातून पन्नास गवे पकडून, वाहनांतून नेऊन तिथे सोडावे लागले.

आपल्या साहित्यव्यवहारात या ज्ञानाला जागा कोठे आहे? मराठीची परंपरा या बाबतीत दरिद्री नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वनाधिकारी म्हणून आयुष्य घालवलेले मारुती चितमपल्ली २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले, तेव्हा त्यांनी रानातल्या माणसांकडून वेचून मराठीला दिलेल्या शब्दांची आठवण अनेकांनी काढली. पण वर्गात आपण 'सत्तांतर' कसे शिकवतो? वानरांच्या टोळ्या म्हणजे राजकीय पक्ष, सत्तेची झुंज म्हणजे माणसांची झुंज. रूपक म्हणून हे वाचन चुकीचे नाही. परंतु नव्या नराने टोळीचा ताबा घेणे आणि पिलांचा बळी जाणे हे वानरांच्या आयुष्यात खरोखर घडते. आमच्यापासून फार दूर नसलेल्या धारवाडजवळच्या रानात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६० च्या दशकाच्या आरंभी ते पाहून नोंदवले होते. वानर हे वानर म्हणूनही त्या पुस्तकात आहेत, हे सांगितल्याशिवाय रूपकाकडे जाणे म्हणजे उपमेय हाती येताच उपमान फेकून देणे होय. प्राणी हा साहित्यात नेहमी दुसऱ्या कशासाठी तरी उभा असतो, ही सवय आपल्याला लागली आहे. बातमीतला दरोडेखोर गवा आणि समीक्षेतला राजकारणी वानर हे एकाच सवयीचे दोन परिणाम आहेत.

वास्तविक काव्यशास्त्राने याविषयी सावध केले होते. मम्मटाने उपमेचे लक्षण करताना साधर्म्याबरोबर भेदही सांगितला आहे. दोन वस्तू वेगळ्या असतील तरच त्यांच्यातल्या साम्याला उपमा म्हणता येते. भेद पुसला की उपमाही मावळते. गवा गाईसारखा आहे हे वाक्य जितके खरे, तितकेच तो गाय नाही हेही. त्याला गोठ्याचे नियम लागू नाहीत, त्याची दया करून भागत नाही आणि त्याला शत्रू ठरवूनही भागत नाही. संवर्धन म्हणजे काय, याची माझ्यापुरती व्याख्या अशी झाली आहे: हा भेद राहील एवढी जागा ठेवणे.

मीमांसकांनी उपमानाचा अर्थ नैयायिकांहून निराळा लावला, तोही इथे आठवतो. त्यांच्या मते रानात गवय पाहिल्यावर नागरिकाला जे नवे ज्ञान होते ते गवयाचे नाही, घरच्या गाईचे आहे. माझी गाय याच्यासारखी आहे, असे त्याला कळते. तरुणपणी हा मतभेद मला शाब्दिक वाटे. आता त्यात अर्थ दिसतो. युरोपातल्या पाळीव गाईचा रानटी पूर्वज ऑरॉक्स. त्याची शेवटची मादी १६२७ मध्ये पोलंडमध्ये मेली. आपल्याकडच्या वशिंडाच्या गाईचा रानटी पूर्वज तर त्याच्याही पुष्कळ आधी संपला. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्यातले प्लॅस्टिक चघळत उभ्या असलेल्या गाईचे मूळ रूप आता जगात कोठेही नाही. गाय कधीकाळी काय असू शकली असती हे पाहायचे तर गव्याकडेच पाहावे लागते.

हे सारे मी एकदा त्या राधानगरीकडच्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाला, "सर, गवा ऱ्हायला पायजे, हे मलाबी पटतं. आमच्या आज्जाबी म्हनायचा, रान हाय तर पानी हाय. पन सगळ्यांसाठी ऱ्हायचा आन् राखन आमीच करायची, हे कुठल्या प्रमाणात बसतं?"

प्रमाण या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक ज्ञानाच्या साधनाचा, दुसरा वाटणीतल्या हिश्श्याचा. त्याने तो कोणत्या अर्थाने वापरला हे मी विचारले नाही. पहिल्या अर्थाचे उत्तर संशोधक गच्चीवर, रानात, सूक्ष्मदर्शकाखाली शोधत आहेत. दुसऱ्या अर्थाचे उत्तर राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्यासारख्यांनी द्यायचे आहे आणि ते अजून द्यायचे राहिले आहे.